बरे झालेले बंधू शांतवन

"कसं वाटतंय, ब्रदर?"

ब्रदर एझ्रानं शांतवनच्या कपाळावरचा हात काढत विचारलं. हात चांगला भरदार होता. मधल्या बोटात खड्याची अंगठी होती आणि तिचा वळ शांतवनच्या कपाळावर उमटला होता. रोग कपाळातच असावा आणि तो चेपून बसवायचा असावा, इतक्या जोरानं त्यानं ते दाबून धरलं होतं. रोग पोटात होता.

"बरा आहे," शांतवन म्हणाला.

"हालेलूया!" एझ्रा असा ओरडला की शेजारच्या अंगणातलं कुत्रं भुंकायला लागलं.

दाराशी शांतवनचा मेहुणा विल्सन आढाव उभा होता. या पाहुण्याला मोटार पाठवून पिंपरीहून त्यानंच आणलं होतं. त्यानं दोन्ही हात वर केले. शांतवनची बायको, रत्नमालाबाई, पलंगाच्या पायथ्याशी गुडघे टेकून बसल्या होत्या. त्या तोंडाला पदर लावून रडायला लागल्या. जमलेली चार-पाच माणसं एकमेकांना सांगू लागली, "बरा आहे म्हणाले. स्वतः म्हणाले!" मी पुस्तकांच्या कपाटाला टेकून, आपल्याला कुणी पाहू नये अशा बेतानं उभा होतो. माझी तशी उभं राहण्याची सवय जुनी आहे.

शांतवननं माझ्याकडे पाहून एक भुवई किंचित उचलली. वर्गात कुणी भलतंच उत्तर दिलं की तो तशी उचलत असे.

ही गोष्ट नगरची, वीस-पंचवीस वर्षांपूर्वीची. शांतवन भांबळ मिशनच्या शाळेत जन्मभर मराठी शिकवून नुकताच निवृत्त झाला होता. मी गावातल्या एका वाचनालयात ग्रंथपाल होतो. तो पहिल्यांदा आला तो व्याकरणाचं एक जुनं पुस्तक मागायला, आणि पुस्तक घ्यायच्या आधी त्यानं मला दाखवून दिलं की पुस्तकाच्या पाठीवर मी चिकटवलेल्या चिठ्ठीत ऱ्हस्व-दीर्घ चुकलं आहे. तिथून मैत्री. तो ख्रिस्ती, आणि साधासुधा नव्हे, रोज पहाटे उठून प्रार्थना करणारा. मी जन्मानं ब्राह्मण आणि मतानं काहीच नाही. माझा कशावर विश्वास नव्हता, स्वतःवर तर मुळीच नव्हता. एकदा मी त्याला म्हटलं होतं, "शांतवन, तुझा देव काही मला पटत नाही." तो म्हणाला, "त्याला तू पटतोस का ते विचारून सांगतो." त्यानंतर आम्ही त्या विषयावर बोललो नाही. संध्याकाळी फिरायला मात्र वर्षानुवर्षं बरोबर जात होतो.

त्या दिवाळीच्या आधी तो गेला. हे सुरुवातीलाच सांगून टाकतो. तो वाचतो की नाही या उत्सुकतेवर मला काही उभं करायचं नाही. डॉक्टरांनीही काही लपवलं नव्हतं. स्वादुपिंडाचा कॅन्सर होता, कापण्याच्या पलीकडे गेलेला. त्यांनी पुण्याहून वेदनेच्या गोळ्या मागवून दिल्या आणि सांगितलं, "या वेळच्या वेळी द्या. बाकी माझ्या हातात काही नाही." त्या गावात खरं बोललेला तेवढा एकच माणूस मला तेव्हा भेटला.

एझ्रा येऊन गेल्यावर आठवड्याभरात, मी वाचनालयात बसलो असताना बाहेरून रिक्षा गेली. टपावर कर्णा बांधला होता. "या! आंधळे पाहतात, पांगळे चालतात! भव्य आरोग्य महासभा! कॅन्सरमधून संपूर्ण बरे झालेले बंधू शांतवन भांबळ सर यांची जिवंत साक्ष! या!" मागून बाजाचं संगीत. सिनेमाच्या जाहिरातीसारखं म्हणणार होतो, पण सिनेमावाले नायक खरोखर बघून येतात.

रिक्षा कोपऱ्यावर वळते न वळते तोच प्राध्यापक कुलथे वाचनालयात शिरले. कुलथे 'विवेक व्यासपीठ' नावाची संस्था चालवत. अंधश्रद्धेवर त्यांची व्याख्यानं होत. ऐकायला दर वेळी तीच अकरा-बारा माणसं असत आणि त्यांतला एकही अंधश्रद्ध नसे.

"निसळ, ऐकलंत ना?" ते म्हणाले. "तुमचे मित्र आमच्या फार कामाचे आहेत."

"कसे काय?"

"त्यांनी स्टेजवर जावं आणि सांगावं, मी बरा झालेलो नाही, देवबीव सगळं थोतांड आहे. मरणाच्या दारातला माणूस! केवढा परिणाम होईल! तुम्ही त्यांच्याशी बोला."

"त्यांची तब्येत फार..."

"म्हणूनच लवकर बोला."

एझ्रा बोलताना डोळे मिटायचा आणि कुलथे बोलताना समोरच्याच्या डोक्यावरून बघायचे. दोघांत मला एवढाच फरक दिसला. पण हे मी कुलथ्यांना म्हणालो नाही. त्यांनी घेतलेलं पुस्तक नोंदवून दिलं.

संध्याकाळी शांतवनकडे गेलो. मला वाटलं, रिक्षाचं सांगितलं की तो संतापेल. तो हसायला लागला, आणि हसताना पोट धरून एका कुशीवर वळला. हसणं थांबलं तरी तो वळलेलाच राहिला. कपाळावर घाम आला होता.

"वामन," तो जरा वेळानं म्हणाला, "माणसानं 'कसा आहेस' विचारल्यावर 'बरा आहे' म्हणू नये, हे मला इतकी वर्षं मराठी शिकवूनही कळलं नव्हतं."

"तुला गोळी हवी आहे का? कुठे आहेत?"

"नाहीत."

"संपल्या?"

"रत्नमालानं उचलून ठेवल्यात. एझ्रानं सांगितलंय. बरं झालेल्या माणसानं औषध घेतलं तर तो अविश्वास. महासभेत स्टेजवर घमेलं ठेवतात म्हणे. लोक त्यात आपापली औषधं टाकतात. आमची पाकिटं तिच्या पर्समध्ये आहेत, त्या दिवशी टाकायला."

मी उठलोच. "मी डॉक्टरांकडून दुसरी घेऊन येतो. आत्ता. वहिनींना कळायचं कारण नाही."

"बस खाली."

"शांतवन, तुला किती दुखतंय ते—"

"बस म्हटलं ना. मी तिच्याआड काही गिळणार नाही. ती माझ्यासाठी देवाचे पाय धरून बसलीय, आणि मी तिची पाठ वळल्यावर तुझ्या हातून गोळी खाऊ? मग ती त्या देवापुढे एकटीच बसलेली राहील. गोळी घेईन ती तिच्या हातून घेईन."

"आणि तिनं दिली नाही तर?"

"तर तिला समजावता आलं नाही असं होईल." तो म्हणाला, "आणि मला दुखेल."

इतक्यात रत्नमालाबाई चहा घेऊन आल्या. त्यांचा चेहरा मला अजून आठवतो. कितीतरी दिवसांनी त्यांनी केस नीट विंचरले होते.

"भाऊजी, बघा, कालच्यापेक्षा चेहरा किती उजळलाय ना?"

मी चहात बघितलं. "हं," म्हणालो.

"विल्सन म्हणत होता, रविवारी मोटार पाठवतो. अहो, तुम्ही दोनच वाक्यं बोला. लांबलचक नको."

"दोनच बोलतो," शांतवन म्हणाला.

त्याला एका शब्दानं विरोध करता आला असता. त्यानं केला नाही. त्याला समोरासमोर बोलणं जड जात होतं की त्याच्या मनात आधीच काही ठरलं होतं, हे मला आजही सांगता येत नाही. मी त्याला कुलथ्यांचा निरोपही सांगितला. तो म्हणाला, "या आठवड्यात मला भलतीच मागणी आहे."

रविवारी विल्सनची मोटार आली नाही. ब्रदर एझ्राला स्टेशनवरून आणायला गेली होती. आम्ही तिघं रिक्षानं गेलो. रस्त्यातल्या प्रत्येक खड्ड्याला शांतवन माझा दंड धरत होता. रत्नमालाबाई पर्स छातीशी धरून ओठ हलवत होत्या.

मैदान भरलं होतं. मांडवाला झिरमिळ्या लावल्या होत्या. स्टेजवर ढोल, कीबोर्ड, पांढऱ्या कपड्यांतले गाणारे, आणि अगदी पुढे, सगळ्यांना दिसेल असं, ते घमेलं. नवंकोरं होतं, त्याला चंदेरी रंग दिला होता. म्हाताऱ्या माणसांची रांग लागली होती. बाटल्या, पाकिटं, डोळ्यांत घालायचं औषध, एकानं तर कंबरेचा पट्टासुद्धा टाकला. प्रत्येक वस्तू पडली की ढोल वाजे. लग्नात आहेर वाजवून सांगतात त्यापेक्षा हे फार वेगळं नव्हतं. एका कोपऱ्यात कुलथे आणि त्यांचे दोन शिष्य पाहणी करायला आल्यासारखे उभे होते, आणि ते सोडून सगळ्यांना दिसत होतं की त्यांच्याकडे कुणी बघत नाही.

विल्सन धावत आला. "दाजी, वर चला. ताई, तू पण. आधी दाजी बोलतील, मग तू औषधं टाकायचीस. ब्रदर सांगतील तेव्हाच हं, आधी नाही."

मी आणि विल्सननं त्याला धरून वर नेलं. विल्सनला मी वर यायला नको होतो, पण दुसऱ्या बाजूनं धरायला माणूस हवाच होता. असं स्टेजवर उभं राहण्याची माझ्या आयुष्यातली ती पहिली आणि शेवटची वेळ. आजारी माणूसच मला आधार देत होता.

"नगरकरांनो!" एझ्रा गरजला. "डॉक्टर म्हणाले, संपलं! प्रभू काय म्हणाला? ब्रदर शांतवन, सगळ्यांना सांगा, आज तुम्ही कसे आहात?"

त्यानं माइक पुढे केला.

"बरा आहे," शांतवन म्हणाला.

ढोल वाजला. माणसं उठून उभी राहिली. एझ्रा माइक मागे घेऊ लागला, पण शांतवननं तो सोडला नाही.

"बसा," तो म्हणाला. "मागचे, बसा खाली."

आणि माणसं बसली. पुढच्या रांगांतल्या अर्ध्याअधिक बायका त्याच्या विद्यार्थिनी होत्या. चाळिशी उलटलेल्या, नातवंडं मांडीवर घेतलेल्या. पण भांबळ सर बसा म्हणाले की बसायचं हे त्यांच्या अंगात होतं.

"'बरा आहे' आणि 'बरा झालो' यांत फरक आहे," शांतवन म्हणाला. त्याचा आवाज बारीक होता, पण वर्गातला होता. "कुणीही विचारलं, कसा आहेस, की आपण बरा आहे म्हणतो. नोकरी गेली तरी म्हणतो. सासरी मार खाणारी पोरगी आईला सांगते, बरी आहे. म्हणून तिचा मार थांबला असं होत नाही. यांनी मला घरी येऊन विचारलं, मी तसं म्हणालो, आणि यांनी रिक्षा फिरवली. मी बरा झालेलो नाही. गाठ जिथल्या तिथे आहे. डॉक्टर म्हणतात तेच होणार आहे."

एझ्रा पुढे सरकला. "ब्रदर, विश्वास! विश्वास ठेवा!"

"ठेवलाय. मी प्रभूकडे मागितलं होतं, मला बरं कर. मिळालं नाही. मिळालं नाही म्हणून तो नाही असं मी म्हणणार नाही, आणि मिळालं असं तर मुळीच म्हणणार नाही. खोट्या साक्षीबद्दल दहा आज्ञांत आपल्याला काय शिकवलंय ते तुम्हाला पाठ आहे. मला म्हणून दाखवायला लावू नका."

"सैतान बोलतोय याच्या तोंडून!" एझ्रा मांडवाकडे वळून ओरडला. "प्रार्थना करा!"

"सैतान असता तर तुमच्या बाजूनं बोलला असता," शांतवन म्हणाला.

पुढच्या रांगेत कुणीतरी खुदकन हसलं. कुणीतरी माइकची तार ओढली. ढोलवाल्याला खूण झाली, पण तो बिचारा शांतवनकडेच बघत राहिला होता.

"सर, बोला, ऐकू येतंय!" एक बाई खालून म्हणाली.

"संपलंच," शांतवन म्हणाला. "ज्यांनी औषधं टाकलीत त्यांनी येऊन आपापली घेऊन जा. दुसऱ्याची घेऊ नका."

मग जे झालं ते महासभेत शोभणारं नव्हतं. चार म्हातारी माणसं स्टेजवर चढली. मग दहा. घमेलं कलंडलं. "माझी ती पांढरी, बीपीची!" "अहो, ही साखरेची आहे, द्या इकडे!" कंबरपट्ट्याचा मालक पट्टा काखेत मारून गर्दीतून निघून गेला. एझ्रा गाणाऱ्यांना ओरडून सांगत होता, गा, गा. ते गात होते. विल्सन ब्रदरच्या पाठीमागे जाऊन उभा राहिला होता आणि आमच्याकडे ओळख नसल्यासारखं बघत होता. त्या सबंध तासात त्याला जमलेली तेवढी एकच गोष्ट.

रत्नमालाबाईंनी पर्स उघडली होती. पाकिटं त्यांच्या मुठीत होती. त्यांनी ती टाकली नाहीत. पर्समध्ये परतही ठेवली नाहीत. मूठ तशीच धरून त्या जिना उतरल्या.

रिक्षापाशी कुलथ्यांनी आम्हाला गाठलं. त्यांचे डोळे पाणावले होते.

"भांबळ सर! ऐतिहासिक! देवाचा बुरखा टराटरा फाडलात!"

शांतवन रिक्षात मान टाकून बसला होता. त्यानं डोळे उघडले. "कुलथे, तुम्ही माझं ऐकलंत की तुमचं?"

"अं? नाही, म्हणजे... उद्याच्या पेपरला आपण निवेदन देऊ."

"द्या. खाली सहीही तुमचीच करा."

आम्ही घरी आलो. त्याला पलंगावर टेकवलं तेव्हा दिवेलागण व्हायची होती. त्यानं खालचा ओठ दातांत धरला होता. मी निघायला हवं होतं, पण त्याचा हात माझ्या हातात होता आणि तो सुटत नव्हता.

रत्नमालाबाई खोलीच्या मधोमध उभ्या राहिल्या.

"चार लोकांत मला खोटं पाडलंत."

"तुला नाही. त्याला."

"त्यानं मागितलं तेच मी मागत होते. रात्रंदिवस. तुम्हाला ठाऊक नव्हतं?"

"होतं."

"मग आता मी काय मागायचं? सांगा ना. सगळ्यांना शिकवता, मला सांगा. काय मागायचं मी?"

शांतवननं उत्तर शोधलं. मी त्याला शोधताना पाहिलं. इतका वेळ मैदानावर त्याचा एक शब्द अडखळला नव्हता. मग म्हणाला, "मला नाही सांगता येत, रत्ने. पण मला दुखतंय ग. फार दुखतंय."

आजार सुरू झाल्यापासून हे त्यानं त्यांना कधी म्हटलं नव्हतं. डॉक्टरांना म्हटलं होतं, मला म्हटलं होतं. त्यांनी विचारलं की तो एकच उत्तर देत असे, आणि ते कोणतं ते आता सगळ्या नगरला माहीत झालं होतं.

त्या पलंगाजवळ आल्या. मग मूठ उघडली. घामानं पाकिटं हाताला चिकटली होती. त्यांनी एक गोळी काढली, त्याच्या जिभेवर ठेवली, मान उचलून पाणी पाजलं. पाणी हनुवटीवर ओघळलं ते पदरानं टिपलं. चेहरा मात्र दुसरीकडे वळवला होता.

गोळी लागू पडायला वेळ लागला. तेवढ्यात काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "तुला त्या एझ्राचा तिरस्कार नाही वाटत?"

"वाटतो की. भयंकर वाटतो. आत्ता समोर असता तर वहाण फेकली असती."

"मग तुझी ती प्रार्थना?"

"अरे, म्हणून तर करावी लागते. गोड माणसांसाठी कशाला करायची?" त्यानं बायकोकडे पाहिलं. "रत्नमाला, प्रार्थना करतेस?"

"मी नाही बोलणार आता त्याच्याशी," त्या म्हणाल्या. त्याच्याशी म्हणजे कुणाशी ते आम्हा तिघांनाही कळलं.

"बरं. मी करतो."

त्यानं डोळे मिटले. त्याची प्रार्थना मी त्या आधी कधी ऐकली नव्हती. मला वाटलं होतं, पुस्तकी भाषेत असेल.

"बापा," तो म्हणाला, "तो एझ्रा मूर्ख आहे. तुला माहीत असेलच, पण मी माझ्याकडून सांगून ठेवतो. त्याला कधी दुखलं तर त्याच्या घरच्यांनी त्याची गोळी लपवू नये, एवढं बघ. कुलथ्यांनाही सांभाळ, त्यांना फार कमी ऐकू येतं. विल्सनला आमच्या घरी यायची लाज वाटेल, ती वाटू देऊ नकोस, तिला भाऊ एकच आहे. वामनबद्दल काही मागत नाही, तो इथेच बसलाय, लाजेल." त्याचा श्वास अडला. थोड्या वेळानं तो पुन्हा बोलायला लागला. "रत्नमाला तुझ्याशी बोलत नाही म्हणते. नको बोलू दे. पण मी नसेन तेव्हा तू या घरातून हलू नकोस. ती कधीतरी भांडायला येईल, तेव्हा तू जागेवर असायला हवास. येशूच्या नावानं मागतो."

तो थांबला. त्यांच्यात प्रार्थना अशी संपत नाही. ऐकणाऱ्यानं आमेन म्हणावं लागतं, आणि दुसऱ्या कुणी म्हटल्याशिवाय ती पोचली असं शांतवन धरत नसे. तो डोळे मिटून वाट पाहू लागला.

खोलीत त्याच्याखेरीज आम्ही दोघंच होतो, मी आणि रत्नमालाबाई. तीन अक्षरं होती, माझ्या अगदी ओठांवर आली होती, पण तो माझ्यासाठी थांबलेला नव्हता. बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. शांतवन थांबलेलाच होता. ओठ कोरडे पडले होते, तरी त्यानं डोळे उघडले नाहीत.

रत्नमालाबाईंनी हातातला पेला खाली ठेवला.

"आमेन," त्या म्हणाल्या. दार आपटावं तसं म्हणाल्या.